मुरमावरची शिकवणी

वीस वर्षं गाडी चालवतोय, लडाख झालं, भर पावसात घाट झाले. आता माळावर नेऊन मला कोण काय शिकवणार? पुण्याबाहेरच्या एका मुरमाड माळावर ऑफ-रोडच्या शिकवणीला गेलो, तेव्हा आमच्या सहाजणांच्या मनात थोड्याफार फरकाने हेच होतं. पहिला धडा पडलेली गाडी उचलण्याचा निघाला. दुसरा त्याहून अपमानास्पद. दहा पावलांचं अंतर जास्तीत जास्त वेळ लावून पार करायचं, पाय न टेकवता. वीस वर्षांच्या अनुभवाने तिसऱ्याच पावलाला पाय टेकवला.

ऑफ-रोड म्हणजे वेग आणि उड्या, हा समज शर्यतींमुळे पसरला आहे. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉसची लीग झाली, तिथे गाड्या हवेत दिसल्या, आणि तेच चित्र डोक्यात बसलं. नवशिक्याचा पहिला दिवस मात्र जवळजवळ सगळा पहिल्या गिअरमध्ये जातो. वेगात गाडी बरीचशी आपली आपण तोल धरते. वेग उतरला की ते काम चालवणाऱ्यावर येतं. हाफ क्लच, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर लांब. ट्रायल्स नावाचा खेळ तर वेगावर नव्हे, पायावर खेळला जातो: एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, पडलात किंवा अडकलात तर पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकला.

वळणाचंही उलटं. डांबरी रस्त्यावर आपण गाडीबरोबर आत झुकतो. मुरमावर हळू वळताना गाडी आत झुकवायची आणि आपण बाहेरच्या बाजूला राहायचं. गाडी जास्त झुकली की कमी जागेत वळते, आणि आपण बाहेर राहिल्याने तोल जात नाही. अंगवळणी पडायला मला सकाळ पुरली नाही.

आता एक गैरसमज, जो चांगले चालवणारेही छातीठोकपणे सांगतात: फूटपेगवर उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो. जात नाही. माणूस उभा राहिला की त्याचं वजन वर जाणार, यात वाद घालण्यासारखं काही नाही. फायदा वेगळाच आहे. बसलेला माणूस म्हणजे सीटवर टाकलेलं पोतं; मागचं चाक दगडावरून उडालं की धक्का थेट कण्यात, तिथून हातात, आणि हात हलला की थ्रॉटल हलतो. उभं राहिलं की गुडघे आणि घोटे शॉकअपचं काम करतात. गाडी खाली डोलते, आपण वर जागेवर. शिवाय पुढचा रस्ता लांबवर दिसतो. पण उभं राहून हँडलला लोंबकळलात तर सगळं फुकट. शिकवणाऱ्या सरांची परीक्षा साधी होती: चालत्या गाडीवर हाताची बोटं क्षणभर उघडून दाखवा. भार पायांवर असेल तरच ती उघडतात. आणि उभं राहणं हेही काही व्रत नाही. अगदी अरुंद वळणावर पुढे सरकून बसणंच बरं पडतं.

‘खडीत पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही’ हे तर आपल्याकडे लायसन्स मिळायच्या आधीपासून कानावर पडतं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, आणि हा नियम डांबर संपलं म्हणून बदलत नाही. गाडी सरळ असताना, एका-दोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत पुढचा ब्रेक लावला तर मुरमावरही तोच गाडी जास्त थांबवतो. झुकलेल्या गाडीवर मूठ आवळली तर मात्र आडवे. एबीएसचंही तसंच. डांबरावर ते जीव वाचवतं, पण सुट्या मातीत थांबायचं अंतर वाढवू शकतं, कारण अडलेल्या चाकापुढे मातीचा ढीग साचून जी मदत झाली असती, ती एबीएस होऊ देत नाही. म्हणूनच कच्च्या रस्त्यासाठी बनवलेल्या कित्येक गाड्यांत मागचं एबीएस बंद करायची सोय असते. डांबरावर परतताना ते पुन्हा चालू करायला विसरू नका.

मोठी गाडी लागते का? हिमालयन 450 चं वजन 196 किलो, एक्सपल्स 200 चं दीडशेच्या थोडं वर. मधल्या चाळीसेक किलोंचा अर्थ चौथ्यांदा गाडी उचलताना कळतो. आपली उंची कमी असेल तर एक पाय टेकला तरी पुरतो. बूट मात्र घोटा झाकणारे, जाड तळाचे हवेत. हळू पडलेल्या गाडीखालीसुद्धा पाऊल सापडतंच.

मग यूट्यूब काय वाईट? वाईट नाही, पण यूट्यूबला आपण दिसत नाही. मी लांब बघतोय अशी माझी पक्की खात्री होती. सरांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. नजर मडगार्डवर खिळलेली. कोलारजवळ अशी शाळा काढणारे सी. एस. संतोष म्हणजे 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय. तेव्हा शिकवणारे आपल्याकडे नाहीत, ही सबब उरलेली नाही. (आणि ऑफ-रोड म्हणजे दिसेल त्या पठारावर गाडी घालणं नव्हे. सड्यावरची माती बोटभर. एका चाकोरीने तिथलं गवत-फूल जायला वेळ लागत नाही.)

दुपारी चढण आली. अर्ध्यात गाडी बंद पडली की आपण सगळे एकच करतो: क्लच दाबतो आणि पुढचा ब्रेक आवळतो. चढावर वजन मागच्या चाकावर असतं, त्यामुळे पुढचं चाक अडूनही गाडी घसरत मागे येते. करायचं ते असं: गाडी गिअरमध्येच ठेवून क्लच सोडायचा, बंद इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. मग क्लच इंचाइंचाने दाबत-सोडत गाडी मागे उतरवायची. सरांनी आम्हाला चढाच्या मधोमध गाडी मुद्दाम बंद पाडायला लावली, सात-सात वेळा. सातव्या वेळी माझी गाडी चढावर गपगुमान उभी राहिली, आणि मी सवयीने क्लच दाबला.