पेठेचा संघ बंद कोण करणार?

आमच्या वऱ्हाडात तालमीला आखाडा म्हणतात, आणि आखाड्याचा फुटबॉल संघ असतो असं खामगावात कुणाला सांगितलं तर तो हसेल. कोल्हापुरात पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही फसलो. कुस्ती बघायची म्हणून रिक्षावाल्याला 'पाटाकडील तालीम' सांगितली. त्यानं मागं वळून विचारलं, "आज मॅच हाय व्हय?"

मंगळवार पेठेतलं पाटाकडील तालीम मंडळ हा कोल्हापूरचा नावाजलेला फुटबॉल संघ. गाव त्याला 'पीटीएम' म्हणतं. त्याच्यासमोर दिलबहार तालीम उभी राहिली की शहराचे दोन तुकडे होतात. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी अशी बाकीची मंडळीही आहेतच. यादी वाचली तर फुटबॉलचा पत्ता लागत नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचा क्रम वाटतो. आणि ते बरोबरच आहे, कारण मिरवणूक काढणारी पोरं तीच.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. तालमीतल्या, ताक, तेल, हळद घालून मळलेल्या लाल मातीच्या हौदाभोवती पेठेचं सगळं जमत गेलं: शिवजयंती, गणपती, भांडणं, निवडणुका. चेंडू आला तो याच कट्ट्यावर. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'केएसए', स्थापन झाली आणि या खेळाला घडी बसली. सामने होतात ते शाहू स्टेडियमवर. पूर्वी तिथं रावणेश्वर तलाव होता. तो बुजवून मैदान झालं. पाणी गेलं, पण पूर मात्र दर हंगामात येतो, माणसांचा.

आता यात पैसा आहे. प्रायोजक आहेत, नेत्यांच्या नावाचे चषक आहेत, रोख बक्षिसं आहेत. नायजेरियाचे खेळाडू पेठेत राहून पेठेसाठी खेळून गेले. तरी या खेळाडूला सरळ व्यावसायिक म्हणता येत नाही आणि निव्वळ हौशीही म्हणता येत नाही. हंगामाआधी केएसएत खेळाडू नोंदणी होते, तेव्हा ही अडचण उघडी पडते. एखादा पोरगा चार पैसे जास्त मिळाले म्हणून दुसऱ्या तालमीच्या कागदावर सही करतो. परदेशात याला बदली म्हणून मोकळे होतात. इथं त्याची आई मात्र त्याच गल्लीतल्या नळावर पाणी भरत असते. त्यानं सही कुठं केली, हे तिला चार जणी विचारतात.

पेठेचं हे बंधन म्हणजे मागासलेपण, असं मला आधी वाटायचं. मग महाराष्ट्रातल्या दुसऱ्या, मालकांच्या संघांच्या वाटेकडं पाहिलं. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली; २०१० मध्ये कंपनीनं संघच गुंडाळला. २०१४ ला आलेला एफसी पुणे सिटी २०१९ ला संपला. त्या संघांकडं पैसा होता, प्रशिक्षक होते, शिस्त होती. पण मालकाचा निर्णय झाला की उरली ती फक्त कपाटातली जर्सी. तालीम कोण गुंडाळणार? तिला मालकच नाही. एका प्रायोजकानं हात आखडला, तर पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतील.

याची किंमतही आहे. ईर्ष्या पेटली की प्रेक्षकांत हाणामारी होते आणि सामन्यापेक्षा बंदोबस्ताचीच बातमी मोठी होते. आणि वर चढायचं तर शहर सोडावंच लागतं. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत होता. त्याची घडण मात्र पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. पेठ खेळाडूवर जीव ओवाळून टाकते, पण त्याला रोज घडवायला लागणारी यंत्रणा तिच्याकडं नाही. जल्लोषाच्या खर्चातला थोडा वाटा लहान पोरांच्या प्रशिक्षकाकडं वळवला असता तर, असं मी एका कट्ट्यावर बोलून बघितलं.

"बरोबर हाय तुमचं," एक म्हातारा म्हणाला. मग हलगी शेकायला ठेवलेल्या पोराकडं बघत त्यानं विचारलं, "पण दिलबहारनं औंदा कुणाला घेतलंय, ते कळलं का?"