पोलीससेवेची पूर्वतयारी

पोलिसांत जावयाचें म्हणजे भल्या पहाटे उठून मैदानावर धांवावयाचें, अशी पुष्कळ घरांत समजूत असते. ही समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. आणि वसई-विरारकडील पालकांनीं तर तिचा आतां नीट विचार करावयास हवा. येथें २००९ सालीं महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजीं मीरा-भाईंदर व वसई-विरार यांचें मिळून एक पोलीस आयुक्तालय सुरू झालें. वसईच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर त्याचा अंमल चालतो. तेव्हां येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना ही नोकरी आपल्या दारची वाटूं लागली, तर त्यांत नवल नाहीं.

या सेवेंत शिरण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. शिपायाच्या जागेसाठीं बारावीची परीक्षा उत्तीर्ण असणें पुरतें. उपनिरीक्षक व्हावयाचें तर पदवी घेऊन महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावें लागतें. शिपाईभरतींत सामान्यतः पुरुषाची उंची १६५ व स्त्रीची १५५ सेंटिमीटर पाहतात. मग ५० गुणांची मैदानी चांचणी होते. पुरुषांना १६०० व स्त्रियांना ८०० मीटर धांवावें लागतें, आणि १०० मीटरची धांव व गोळाफेक दोघांनाही असते. त्यांत निम्मे गुण मिळाल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. लेखी परीक्षा १०० गुणांची. तींत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व मराठी व्याकरण हे विषय असतात. म्हणजे ज्या मैदानाचा एवढा बोलबाला, त्याच्या दुप्पट गुण लेखणीकडे आहेत!

आतां दुसरी बाजू. २०२४ च्या भरतींत राज्यांतील १७,४७१ जागांसाठीं १७ लाखांहून अधिक अर्ज आले. शंभर अर्जांमागें जागा एक! उरलेल्या नव्व्याण्णवांचें काय, हा प्रश्न मुलाच्या आईबापांनीं आधीं विचारावा. कॉलेज सोडून दोन-तीन वर्षें केवळ धांवण्यांत व प्रश्नसंच पाठ करण्यांत घालविलीं, आणि जागा मिळाली नाहीं, तर हातीं पदवीही नाहीं आणि नोकरीही नाहीं, अशी अवस्था होते.

म्हणून महाविद्यालयानें द्यावयाचें शिक्षण हें भरतीच्या शिकवणीहून वेगळें असलें पाहिजे. ही कल्पना नवीन नव्हे. अमेरिकेंतील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर यांनीं १९०८ सालीं आपल्या शिपायांसाठीं शाळा काढली, आणि १९१६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत या विषयाचे वर्ग सुरू करविले. आपल्याकडेही पोलीस अधिकाऱ्यांची शिक्षणसंस्था १९०६ सालीं पुण्यास भांबुर्डा येथें निघाली व १९०९ सालीं नाशिकला गेली. कवाईत, शस्त्र आणि तपास हे विषय निवड झाल्यावर सरकार शिकवितेंच. त्याआधीं काय शिकावें, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचें उत्तर पोलीस ठाण्यांतील टेबलाशीं सांपडतें. समजा, एखादी वृद्ध बाई लोकलगाडींत गळ्यांतील साखळी गेली म्हणून घाबरीघुबरी होऊन आपल्या घराजवळच्या ठाण्यावर येते. गाडीवरचा गुन्हा म्हणजे तो लोहमार्ग पोलिसांच्या हद्दींतला. पण १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें अशा गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न काढतां नोंदवावयाची असते. तोंडी सांगितलेली हकीकत लिहून घ्यावयाची, ती तिला वाचून दाखवावयाची, आणि नकलेबद्दल एक पैसाही घ्यावयाचा नाहीं. ती बाई सामवेदी किंवा वाडवळी बोलत असेल, नालासोपाऱ्याची असेल तर कदाचित् हिंदी बोलेल. तिचें बोलणें निमूटपणें ऐकून त्यांतील वेळ, ठिकाण व वस्तु यांची अचूक नोंद करणें, हें काम १६०० मीटर धांवण्यापेक्षां सोपें नाहीं. ती नोंद चुकली तर पुढचा सारा तपास आडवाटेस लागतो.

हें कौशल्य महाविद्यालयांत मिळूं शकतें. कायद्याची तोंडओळख, शुद्ध मराठींत वृत्तांत लिहिण्याचा सराव, आपल्या भागांतील बोलींची जाण, राष्ट्रीय छात्रसेनेंतील शिस्त व राष्ट्रीय सेवा योजनेंतील लोकसंपर्क, यांस स्वतंत्र इमारत लागत नाहीं आणि पदवीही बुडत नाहीं. सकाळीं एक तास व्यायाम आणि बाकीचा दिवस अभ्यास, असा क्रम ठेवला तर दोन्ही साधतें.

अशा तयारीनें ज्याची निवड होईल तो चांगला पोलीस होईल. ज्याची होणार नाहीं, त्याच्याजवळ पदवी राहील, निरोगी शरीर राहील, आणि कायदा जाणणारा एक नागरिक शहरास मिळेल. ठाण्याच्या टेबलापलीकडे बसणारा आणि अलीकडे उभा राहणारा, हे दोघेही शहाणे असले, म्हणजेच शहराची राखण नीट होते.