मोटारसायकल पुढे का दबते?

मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबताच तिचा पुढचा भाग खाली दबतो. या दबण्याची पुष्कळ चालकांना धास्ती वाटते. गाडी उलथेल या भीतीने ते पुढच्या ब्रेकला सहसा हात लावीत नाहीत आणि सारी भिस्त मागच्या ब्रेकवर ठेवतात. मग ऐन प्रसंगी गाडी थांबावी तेथे थांबत नाही. म्हणून हे दबणे स्वाभाविक केव्हा आणि बिघाडाचे लक्षण केव्हा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चालकासह २४० किलो वजनाची एखादी गाडी घ्यावी. उभी असताना तिचा भार दोन्ही चाकांवर सारखा, म्हणजे १२० किलो पडतो असे धरावे. चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने वेग घटताच ६० किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर १८० किलो, मागच्यावर अवघा ६० किलो! ज्या चाकावर भार अधिक, त्याचीच रस्त्यावरील पकड अधिक. गाडी थांबविण्याचे मुख्य काम पुढचे चाकच करते. त्या भाराने फोर्क दबला तर नवल नाही.

फोर्कच्या दोन्ही बाजूंस एकात एक सरकणाऱ्या नळ्या, स्प्रिंग आणि तेल असते. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली तेलाने हालचाल आवरणारा असा फोर्क बाजारात आणला. पुढे हीच रचना सर्वत्र रूढ झाली. तीत भार पेलते ती स्प्रिंग आणि हालचालीचा वेग आवरते ते तेल. निदानाची किल्ली याच कामाच्या वाटणीत आहे. गाडी झपाट्याने दबून पुन्हा वरखाली हेलकावत असेल, तर तेल जुने किंवा कमी झाले असण्याचा संभव अधिक. एरवीही ती खाली बसलेली दिसत असेल आणि ब्रेक लावताच तळाला आदळत असेल, तर स्प्रिंगकडे लक्ष द्यावे.

ब्रेक लावताना हाताला खट्कन एकच धक्का बसला, की दोष ब्रेकला दिला जातो. पुष्कळदा तो हँडलखालच्या कोनसेटचा असतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कचे खालचे टोक मागेपुढे हलवून पाहावे. खेळ हँडलखालच्या सांध्याशी जाणवला तर कोनसेट ढिला आहे. नळ्यांमध्ये जाणवला तर आतील बुश झिजले आहेत. याउलट, ब्रेक लावल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थरथर जाणवत असेल, तर फोर्कवर संशय घेण्यापूर्वी असमान झिजलेली डिस्क किंवा गोलाई बिघडलेला ड्रम तपासावा.

कधी फोर्कचे दुखणे ब्रेकला भोवते. ऑइल सील फाटले, की तेल नळीवरून ओघळत डिस्कपर्यंत पोचते आणि ब्रेकची पकडच जाते. तेल मुरलेले पॅड पुसून भागत नाही, ते बदलावेच लागतात. मात्र आधी सील बदलावे, नाहीतर नव्या पॅडचीही तीच गत होते.

डिस्क ब्रेकची मूठ स्पंजासारखी दबू लागली, तर नळीत हवा शिरली आहे असे समजावे. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे द्रव किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाट उतरताना तापून त्याची वाफ झाली, तर मूठ पुरती दाबूनही गाडी आवरत नाही.

भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ए.बी.एस. यंत्रणा सक्तीची झाली. परंतु ढिला कोनसेट किंवा गळते सील ती दुरुस्त करीत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी नळीवर तेलाचे कडे दिसते का, मूठ घट्ट लागते का आणि फोर्क हलवताना खेळ जाणवतो का, एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ज्याने ते पाहिले, त्याला पुढचा ब्रेक निर्धास्तपणे दाबता येतो.