फासा हुकला म्हणजे मावळा चुकला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून, बोलत बोलत रचायची गोष्ट. एक जण गेम मास्टर, म्हणजे जीएम होतो. तो प्रसंग उभा करतो, शत्रूंची आणि वाटेतल्या माणसांची सोंगं वठवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. एखादी गोष्ट त्या पात्राला जमेल की नाही, अशी शंका असली की फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तिथून हा प्रकार रुजला.

ड्रॅगन हवाच असं मात्र नाही. कोल्हापूरकरांना पन्हाळ्याचा वेढा हाताशी आहे. १६६० चा जुलै, भर पाऊस, सिद्दी जौहरचा गडाला पडलेला विळखा आणि शिवाजी महाराजांना रातोरात विशाळगड गाठायची निकड. एवढा मसाला एका डावाला पुरून उरतो. म्हणून इथली उदाहरणं याच रात्रीची घेऊ.

नियम साधा असतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या कौशल्याचे गुण त्यात मिळवायचे. बेरीज जीएमने ठरवलेल्या लक्ष्याइतकी किंवा जास्त आली तर काम झालं. ते झालं की कुणाची तक्रार नसते. वाद होतात ते फासा फसल्यावर, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी पुढचे गैरसमज असतात.

गैरसमज १ : आकडा कमी पडला, म्हणजे पात्राने माती खाल्ली.

वस्तुस्थिती : पात्र किती तयारीचं आहे हे त्याच्या कौशल्याचे गुण सांगतात. फासा सांगतो ते उरलेलं सगळं : पाऊस, अंधार, पहारेकऱ्याची जागी नजर, निव्वळ नशीब. खासबागेच्या कुस्ती मैदानात एखाद्या मल्लाचा हुकमी डाव फसतो, तेव्हा त्याला कुस्ती येत नाही असं कुणी म्हणत नाही. समोरच्याने तोड काढली, असंच म्हणतात. इथेही तेच.

समजा, गडावरचा मुरलेला हेर चौकीशेजारून सरकतोय आणि फाशावर ४ पडले. एक जीएम म्हणेल, “भावा, घसरलास बघ! ढाल खणखणली.” टेबलावर हशा पिकतो, पण ज्याने तो हेर मेहनतीने उभा केला त्याचं तोंड उतरतं. दुसरा म्हणेल, “तू पाचोळासुद्धा वाजू दिला नाहीस. पण नेमकी वीज चमकली आणि चौकीवरच्या शिपायाने मान वळवली.” आकडा तोच, अपयशही तेच. फक्त पात्राची अब्रू शाबूत राहिली. हसण्यावारी न्यायचा खेळ असेल तर पहिलं वर्णनही चालतं, पण ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं बरं.

गैरसमज २ : फसलं म्हणजे काहीच झालं नाही. पुन्हा टाका.

वस्तुस्थिती : खेळ रटाळ होतो तो इथे. “कुलूप उघडलं नाही.” “परत टाकतो.” “नाही उघडलं.” “परत टाकतो.” अशाने शेवटी कुलूप उघडणारच, मग फासा टाकलाच कशाला? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने यावर सरळ तोड काढली होती : धोका नाही आणि घाईही नाही, तर वीसपट वेळ लागला असं धरा आणि फाशावर २० पडले असं समजा. ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये उलट टोक आहे. एकदा पडलेला आकडा परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम राहतो.

दोन्हींचं सार एकच. फसल्यावर काहीतरी बदललं पाहिजे : वेळ गेला, मशाल विझली, गस्त जवळ आली, दोर तुटला. काहीच बदलणार नसेल तर फासा टाकूच नये.

गैरसमज ३ : फाशावर १ पडला की हाहाकार ठरलेलाच.

वस्तुस्थिती : हा नियम अनेक टेबलांवर चालतो, पण पुस्तकात तो तसा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत १ पडल्यावर आपोआप हुकतो तो हल्ला. कौशल्याच्या फाशाला हा नियम लागू नाही. हेराचे गुण ९ आणि लक्ष्य १० असेल, तर १ पडूनही बेरीज १० होते आणि काम फत्ते होतं.

घरचा नियम म्हणून १ ला हाहाकार ठेवायचा असेल, तर हिशेब पाहून ठेवा. वीस बाजूंवर १ पडण्याची शक्यता ५ टक्के. चौघांनी एकेकदा टाकला तर निदान एकाला १ पडण्याची शक्यता साडेअठरा टक्के होते. म्हणजे निष्णात हेरही सरासरी दर वीस प्रयत्नांत एकदा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणार. ‘कॉल ऑफ कथुलू’सारख्या काही खेळांत महाअपयशाचा नियम खरोखरच आहे, पण तिथे फासे शंभरावर मोजतात. कौशल्य पन्नास किंवा जास्त असेल तर फक्त १०० पडल्यावर तो लागतो.

गैरसमज ४ : सगळ्यांनी फासा टाकायचा, आणि एक फसला की सगळे पकडले.

वस्तुस्थिती : चौघे मिळून वेढ्यातून सटकतायत. प्रत्येकाचे गुण ५, लक्ष्य १५. म्हणजे एकेकाला जमण्याची शक्यता ५५ टक्के. चौघांनाही जमलंच पाहिजे म्हटलं तर ती जेमतेम ९ टक्क्यांवर येते. पाचव्या आवृत्तीतला सामूहिक फाशाचा नियम म्हणतो, निम्म्यांना जमलं की सगळ्यांना जमलं. तेवढ्याने शक्यता ७६ टक्क्यांच्या आसपास जाते. तरबेज माणूस अडाण्याला सांभाळून नेतो, असा त्याचा अर्थ. सुमारे सहाशे मावळे त्या रात्री गडाबाहेर पडले. ‘प्रत्येकाने टाका’ हा नियम लावला असता तर गडाबाहेर पडायची राजदिंडीच ओलांडता आली नसती!

गैरसमज ५ : खूण सापडली नाही, तर गोष्ट तिथेच थांबते.

वस्तुस्थिती : हा दोष फाशाचा नाही, गोष्टीच्या बांधणीचा आहे. चोरवाट सापडल्याशिवाय डाव पुढे सरकत नसेल, तर ती वाट एका फाशावर टांगून ठेवू नये. रॉबिन लॉज यांनी २००७ साली ‘गमशू’ पद्धत आणली ती याच दुखण्यावर. योग्य कौशल्याचं पात्र योग्य जागी शोधू लागलं, की मुख्य धागा फाशाविना मिळतो.

फासा टाकायचाच असेल तर प्रश्न बदला. ‘वाट सापडते का’ असं न विचारता ‘वेळेत सापडते का’ असं विचारा. फसलं तरी वाट सापडते, पण तोवर पाठलागावर आलेल्या सिद्दी मसूदचे घोडेस्वार अंगावर आलेले असतात. पाचव्या आवृत्तीच्या जीएमसाठीच्या पुस्तकातही अशी सवलत सुचवली आहे : एक-दोन गुणांनीच हुकलं असेल तर काम होऊ द्या, पण किंमत वसूल करा.

गैरसमज ६ : गोष्ट पुढे न्यायची म्हणजे कुणाला हरूच द्यायचं नाही.

वस्तुस्थिती : गोष्ट पुढे जाते, पण नुकसान खरंच होतं. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज ६ किंवा कमी आली तर जीएमची चाल, म्हणजे बहुधा नवं संकट, ७ ते ९ आली तर काम होतं पण बहुधा काहीतरी मोजून, १० किंवा जास्त आली तर निखळ यश. जादा गुण नसतील तर ही शक्यता अनुक्रमे ४२, ४२ आणि १७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे निखळ यश सहातून एकदाच.

आणि नुकसान किती मोठं असू शकतं हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. शिवा काशीद महाराजांचा वेश करून पालखीत बसले, पकडले गेले, सोंग उघडं पडलं. खेळाच्या हिशेबाने हा फसलेला फासा. त्यांनी त्याची किंमत प्राणाने मोजली आणि पाठलाग पुन्हा सुरू झाला. पण कथा तिथे संपली नाही. ती घोडखिंड अडवून लढणाऱ्या बाजीप्रभूंपाशी गेली, आणि तिथून महाराज पोहोचल्याची खूण देणाऱ्या विशाळगडाच्या तोफांपर्यंत.

जीएमच्या खुर्चीत बसाल तेव्हा एक पथ्य पाळा. फासा टाकायला सांगण्याआधी ‘हे फसलं तर काय होईल?’ याचं उत्तर मनाशी तयार ठेवा, आणि जमलं तर खेळाडूंनाही आधीच सांगा. उत्तर सापडत नसेल तर फासा खालीच राहू द्या आणि काम झालं असं सांगून पुढे चला.