कुंदगोळची गुरुभावंडं

कलाकारांची मैत्री स्वभाव जुळल्याने होते, असं आपण धरून चालतो. हिंदुस्तानी गायकीतल्या किराणा घराण्याचा इतिहास मात्र सांगतो की ती एकत्र शिकण्यातून घडते. हुबळीपासून फार लांब नसलेलं कुंदगोळ हे या घराण्याचे गायक सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांचं गाव. हुबळीच्या गंगूबाई हनगल, गदगचे भीमसेन जोशी आणि मुंबईचे पारशी गायक फिरोझ दस्तूर हे त्यांचे शिष्य. तिघांच्या जाती निराळ्या, दस्तूरांचा तर धर्म आणि घरची भाषाही निराळी. तालीम तेवढी एका गुरूची.

कुणी म्हणेल, एका गुरूचे शिष्य म्हणजे एकाच मैफलीचे स्पर्धक. शिवाय गुरूच्या धाकात कसला आलाय मोकळेपणा? स्पर्धा आणि धाक, दोन्ही खरे. पण गुरू गेल्यावर धाक उरत नाही, आणि नात्याची परीक्षा तेव्हाच होते. भीमसेनांनी १९५३ मध्ये पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव उभा केला. गंगूबाई आणि दस्तूर तिथे वर्षानुवर्षं गायले. तिघांची गायकी शेवटपर्यंत वेगवेगळी ओळखू येत होती. म्हणजे आपलेपणासाठी एकसारखं व्हावं लागत नाही. नवख्या कलाकाराने मित्र शोधत हिंडण्यापेक्षा एखादी तालीम नेटाने धरावी. सोबत मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.