दोन इंच उंची आणि कंबरेचं दुखणं

माझ्या मामेभावाने दिवाळीच्या मुहूर्तावर पिकअप उंच करून घेतली. गाडी दुहेरी केबिनची, मागे हौदा, पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे. पुढे लांब स्प्रिंगा आणि गॅसचे जाडजूड शॉकअप बसले, मागे जुन्या पाट्यांत एक जादा पाटा गेला, चारी चाकांना डोंगरात चालणारे दणकट टायर आले. गाडी फोटोत झकास दिसू लागली. पहिल्याच रविवारी तो मामीला घेऊन कोल्हापूरहून राधानगरीला गेला. परत आल्यावर मामी उतरली, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "उसाच्या बैलगाडीतनं गेले असते तर बरं झालं असतं."

ज्याने काम केलं त्याचं उत्तर ठरलेलं होतं. शॉकअप नवे आहेत, चालून चालून मऊ पडतील. दोन हजार किलोमीटर झाले, काही मऊ पडलं नाही. नव्या शॉकअपचे सील थोडे घट्ट असतात आणि पुढे सरावतात, एवढं त्यात खरं. पण पोलादी स्प्रिंग चालून चालून मऊ होत नसते. झाली तर ती थकली म्हणायची.

फळ्यावर स्प्रिंग काढण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. मी भावाला विचारलं, "कडक म्हणजे नक्की काय होतं?" तो म्हणाला, "कडक म्हणजे कडक. दणके बसतात." अडचण इथूनच सुरू होते. पोटदुखीसारखंच आहे हे. शब्द एक, दुखणी पाच-सहा. बारीक खडीवर सतत थरथर होणं, खड्ड्यात चाक पडताना 'टाक्' असा लोखंडी आवाज येणं, स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर मागचा भाग उडणं, पुढून मागे झुलणं, या सगळ्यांची मुळं वेगवेगळी. आणि लोक थेट शॉकअपवर संशय घेतात, कारण बिलात तीच सगळ्यांत मोठी रक्कम असते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक जुने मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. आधी हवेचं मीटर काढलं. चारी चाकांत ४५ पौंड! दाराच्या चौकटीवरच्या मूळ पट्टीवर आकडा होता ३२. जाड टायर आहे, जास्त हवा लागणार, असं समजून पंपावरच्या पोराने भरली होती. मेस्त्रींनी खडूने टायरच्या रुंदीभर आडवी रेघ ओढली आणि भावाला म्हणाले, "दादा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या." गाडी परत आली तेव्हा रेघ फक्त मधोमध पुसली होती, दोन्ही कडांना शाबूत. म्हणजे टायर फुग्यासारखा टम्म होऊन मधल्या पट्ट्यावरच चालत होता. हवा थोडी थोडी कमी करत रेघ सगळीकडून सारखी पुसली जाईपर्यंत आणली, आकडा आला ३४.

टायर हीदेखील स्प्रिंगच आहे, आणि रस्त्याला सगळ्यांत आधी भिडणारी. बारीक खडीचे धक्के खरं तर तिनेच गिळायचे असतात. शिवाय नवा टायर जुन्यापेक्षा सहा-सात किलो जड होता. चाक, टायर, आस हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जड, तितकं त्याला वर-खाली नाचवताना स्प्रिंगला आणि शॉकअपला झुंजावं लागतं. चाक सेकंदाला १०-१५ वेळा थरथरू शकतं. ही थरथर अंगाला कळते ती कडकपणा म्हणूनच. टायरचं वजन काही आता कमी होणार नव्हतं, पण हवेनेच निम्मी थरथर गेली. खर्च शून्य.

मग मेस्त्री गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यात उतरले. मीही उतरलो. पुढे जे पाहिलं ते मी वर्गात कधीच शिकवलं नव्हतं.

चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मच्या आणि पाट्यांच्या टोकांत रबरी बुश असतात. पुष्कळ बुशांमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कडीला पक्कं चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळलं जातं. मूळ गाडीत बोल्ट आवळतात तेव्हा गाडी स्वतःच्या वजनावर उभी असते, त्यामुळे नेहमीच्या उंचीला रबर सैल, बिनपिळाचं राहतं. पण हे काम करताना गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि त्याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळलेले. गाडी खाली घेतली तसं प्रत्येक रबर पिळलं गेलं. म्हणजे आठ-दहा बारक्या स्प्रिंगा फुकटात जास्तीच्या बसल्या होत्या, त्याही गाडीला सतत वर ढकलणाऱ्या. हे रबर फार दिवस टिकतही नाही, फाटतं.

मेस्त्रींनी चाकं जमिनीवर असतानाच एकेक बोल्ट ढिला केला. दुसऱ्या का तिसऱ्या बोल्टला 'कट्' असा आवाज आला आणि आमच्या डोक्यावरची गाडी श्वास सोडल्यासारखी अर्धा इंच खाली बसली. मी दचकलो. मेस्त्री नुसते हसले. सगळे बोल्ट ढिले झाल्यावर गाडी हाताने दाबून चार वेळा हलवली, मग बोल्ट पुन्हा बेताने आवळले.

तरी पुढून येणारा 'टाक्' आवाज राहिलाच. त्यासाठी मेस्त्रींनी टेप काढला. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर गाडी उभी असताना मोजलं, मग चाक अधांतरी होईपर्यंत जॅक मारून पुन्हा मोजलं. फरक आला जेमतेम दोन बोटांचा. चाकाला वर जायला जागा लागते, तशीच खाली जायलाही. खड्डा आला की चाकाने खाली उतरून रस्ता गाठायचा असतो. पण शॉकअपची लांबी ठरलेली. गाडी जितकी उंच बसवाल तितकी ही खालची जागा आधीच खर्च झालेली असते. चाक खड्ड्याकडे झेपावतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि आतलं धातूचं टोक धातूला भिडतं. तोच हा 'टाक्'. उंच गाडी खड्ड्यांना भीत नाही अशी समजूत आहे. दगडाला भीत नाही हे खरं. खड्ड्याला मात्र तिने जास्त भ्यावं, अशी तिची अवस्था होऊ शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुढच्या शॉकअपवर आटे असलेली एक रिंग असते, ती फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवता येते. गाडी उठते. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक झाली असं सगळे म्हणतात. एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग त्याने कडक होत नाही. एक इंच दाबायला जितका जोर लागत होता तितकाच लागतो. बदलते ती फक्त गाडीची उंची, आणि तिच्यापायी खालची जागा संपते. आमच्या गाडीत दोन इंचांचं काम सांगितलं असताना रिंग आवळून तीन इंच करून दिलं होतं. मेस्त्रींनी ती उतरवली. आवाज बंद.

राहिला मागचा भाग, आणि इथे मला माझा फळा मिळाला. स्प्रिंगवर ठेवलेलं वजन सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल हे दोनच गोष्टींवर ठरतं, स्प्रिंगचा ताठरपणा आणि वजन. आडाखा सोपा आहे. दुप्पट ओझ्याने दुप्पट दबणारी साधी स्प्रिंग गाडीच्या ओझ्याने २५ सेंटिमीटर दबत असेल तर हेलकावा सेकंदाला एक. ११ सेंटिमीटर दबत असेल तर दीड. सहाच सेंटिमीटर दबत असेल तर दोन. एक ते दीडच्या आसपासचा हेलकावा अंगाला आपलासा वाटतो. सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे मात्र माणसाला सगळ्यांत जास्त झोंबतात, कारण पोटातले अवयव आणि धड त्याच तालाला जोरात साथ देतात. मामीच्या कंबरेची तक्रार शास्त्रशुद्ध होती.

पिकअपची गोची अशी की तिचे पाटे हौद्यातल्या टनभर मालासाठी घडवलेले असतात. भरल्यावर मागच्या स्प्रिंगांवरचं वजन दुप्पट होतं असं धरा. रिकामी असताना वजन निम्मं, म्हणून हेलकावे १.४ पट जलद. मालासकट १.४ असलेला ताल रिकाम्या गाडीत दोनवर जातो. त्यात भावाने जादा पाटा घातला. का, तर पुढेमागे हौद्यावर तंबू आणि पाण्याची टाकी बसवायची आहे. तंबू अजून आलेला नाही. मेस्त्रींनी शेजारच्या बांधकामावरून वाळूची चार पोती हौद्यात टाकली आणि गाडी फिरवून आणायला सांगितली. भाऊ उतरला तो चमकून. गाडी लोण्यासारखी! याहून स्वस्त निदान मी पाहिलेलं नाही. जादा पाटा काढला.

आणि नवं दुखणं उभं राहिलं. स्पीड ब्रेकर ओलांडला की गाडी नंदीबैलासारखी मान डोलवू लागली.

हे कोडं नव्वद वर्षांपूर्वी सुटलेलं आहे. मॉरिस ऑली हा ब्रिटिश अभियंता रोल्स-रॉइसमध्ये काम करून १९३० मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅककडे आला. त्याने एक मोटार अशी तयार केली की तिच्या पुढेमागे वजनं हलवता येतील आणि स्प्रिंगा बदलता येतील. माणसांना तीत बसवून तो फिरवायचा आणि काय वाटतं ते विचारायचा. निष्कर्ष निघाला की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. तोपर्यंतच्या मोटारींत उलटं असायचं. कारण असं की उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. आमच्या पिकअपच्या दोन आसांत सुमारे ३.१ मीटर अंतर आहे, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला मागची चाकं पाव सेकंदाहून थोड्या उशिराने चढतात. मागचा हेलकावा थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वर-खाली होते. तसा नसेल तर एक टोक वर, दुसरं खाली. डोलणं सुरू.

म्हणजे आता पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक ठरल्या होत्या. पेटीवरचं लेबल वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्या लोखंडी बंपर आणि विंच लावलेल्या गाडीसाठी होत्या. तेवढं सामान ७०-८० किलोंचं. गाडीवर त्यातलं काहीच नव्हतं. स्प्रिंगा बदलून हलक्या घेतल्या. शेवटपर्यंत ज्यांच्यावर संशय होता त्या शॉकअपना कोणी हात लावला नाही. तपासले मात्र. रस्त्यावर पांढऱ्या जाड पट्ट्यांची ओळ असते ना, तिच्यावरून गाडी नेली. शॉकअप परतीच्या चालीत फार घट्ट असला तर पहिल्या पट्टीने वर गेलेलं चाक दुसरी येईपर्यंत खाली परतत नाही, गाडी दर पट्टीला थोडी थोडी खचत जाते आणि शेवटी रबरी बंप स्टॉपवर आपटते. आमची गाडी खचली नाही.

काही दुखणी आमच्या गाडीला नव्हती. सपाट रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर असती तर ती प्रॉपेलर शाफ्टच्या बदललेल्या कोनाची असू शकली असती, स्प्रिंगांच्या कडकपणाचा तिच्याशी संबंध नाही. स्टिअरिंग भरकटत असेल तर आधी अलाइनमेंट. आणि हे सगळं करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचायला हवं होतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल त्याला चालत नाहीत. भावाने ते आता वाचलं आहे आणि तो गप्प आहे.

काढलेला पाटा मेस्त्रींच्या दारात चार दिवस पडून होता. मग पलीकडच्या गल्लीतला लोहार येऊन विचारून घेऊन गेला. पाट्याचं पोलाद कोयत्याला उत्तम, पाणी छान धरतं आणि धार टिकते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालाच होता. त्या एका पाट्यातून त्याने चार कोयते काढले, आणि एक मामीला आणून दिला, नारळ फोडायला.