डिस्चार्ज बुकात लेकीचं नाव आहे का?

आज मला बोलायचंय ते फौजीच्या घरातल्या बायकांशी. ज्यांचे मालक पेन्शन घेऊन घरी आलेत त्यांच्याशी, आणि ज्यांचे परत आलेच नाहीत त्यांच्याशीही. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात अशी घरं काही कमी नाहीत. अपशिंग्याला तर सगळा मुलूख ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतो.

बारावीचा निकाल लागला की प्रश्न सुरू होतात. “ताई, माजी सैनिकांच्या पोरांना शिक्षणाला पैसे मिळतात म्हणे. कुठं मिळतात?” मिळतात. पण निकालानंतर विचारायला गेलं की बऱ्याचदा उशीर झालेला असतो. कारण हे पैसे मार्कांपेक्षा जास्त कागदावर अडतात. म्हणून आधी पैशाचं सांगते आणि मग कागदाचं. कागदाचं जरा नीट ऐका.

दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे. आपल्याला मात्र या दोन्हीकडे जायची गरज नाही. आपला दरवाजा म्हणजे जिल्ह्याच्या गावी असलेलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथं कल्याण संघटक असतात, त्यांना भेटायचं. जाताना मालकांना बरोबर घ्या, पण ते नसले तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता. ते ऑफिस बायकांसाठीही तेवढंच आहे.

सगळ्यात मोठी मदत म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. ही २००६-०७ सालापासून चालू आहे. पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो, म्हणजे लोकांनी दिलेल्या देणग्यांतून. मुलीला महिन्याला ३,००० रुपये आणि मुलाला २,५०० रुपये. वर्षाचे मिळून मुलीचे ३६,००० होतात. चार वर्षांचा इंजिनिअरिंगचा कोर्स धरला तर १ लाख ४४ हजार. मुलीला जास्त मिळतात, हे घरात एकदा मोठ्यानं सांगा.

हे पैसे धंदेशिक्षणाच्या पदवीला आहेत. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग, बी.एड., बी.बी.ए., बी.सी.ए. असे कोर्स. साध्या बी.ए., बी.कॉम.ला ही शिष्यवृत्ती नाही. घरबसल्या मुक्त विद्यापीठातून शिकायचं तर त्यालाही नाही. ज्या परीक्षेवर प्रवेश मिळतो, त्या परीक्षेत किमान ६० टक्के हवेत. म्हणजे बहुतेकींना बारावीचे, बी.एड. करणाऱ्यांना पदवीचे.

आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. “यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू” असं इथं चालत नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेल्यांना तेवढी सूट आहे, कारण त्यांचं तेच पहिलं वर्ष. एकदा शिष्यवृत्ती लागली की दर वर्षी निदान ५० टक्के मिळवून पास व्हायचं आणि नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा. पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून पोरं निवांत राहतात आणि दुसऱ्या वर्षी अर्जच भरत नाहीत. आईनं त्यांच्या मागं लागायचं काम करावं.

साऱ्या देशात मिळून वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या आहेत. त्यातल्या निम्म्या, २,७५०, मुलींसाठी राखून ठेवल्यात. म्हणजे ६० टक्के पडले की पैसे ठरलेच, असं धरून चालू नका. आधी लढाईत गेलेल्यांची मुलं आणि बायका, मग लढाईत अपंग झालेल्यांची, असा क्रम लागत जातो. आपल्यासारख्या साध्या पेन्शनरांच्या मुलांचा नंबर शेवटी येतो. तिथं जितके मार्क जास्त तितकं बरं.

मग बी.ए. करणाऱ्या मुलीनं काय करायचं? आणि पाचवीतल्या मुलानं? त्यांच्यासाठी सैनिक बोर्डाचंच शिक्षण अनुदान आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांना. आधी हे महिन्याला १,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ते २,००० झालंय. दोन मुलं असली तर वर्षाचे ४८,००० होतात. मात्र हे हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला आहे, त्यावरच्या सुभेदार साहेबांच्या मुलांना नाही. मूल त्या वर्षी पास झालेलं असावं लागतं. दुसरीकडून शिक्षणाचा भत्ता मिळतो का, असं विचारतात. जे असेल ते खरं सांगा.

राज्य सरकारचीही माजी सैनिकांच्या मुलांसाठी फीची सवलत आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात, कॉलेजच्या ऑफिसात विचारा. आता कुणी म्हणेल, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या बऱ्याच घरांतल्या मुलींना धंदेशिक्षणाची फी माफच झालीय, मग हे कशाला? बाई, फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, मेस आणि एसटीचा पास कुठं माफ झालाय? पोरगी घरी परत येते ती बहुतेक वेळा त्यासाठीच. बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी सैनिकी मुलामुलींची वसतिगृहं आहेत. शहरात खोली बघण्याआधी तिथं जागा आहे का, ते विचारा.

आता कागद. घरातली ट्रंक उघडा आणि मालकांचं डिस्चार्ज बुक बाहेर काढा. त्यात तुमचं नाव आहे का बघा. मुलांची नावं आणि जन्मतारखा आहेत का बघा. नोकरीत असताना मूल झालं की जवान युनिटच्या ऑफिसला कळवतो. ते पार्ट टू ऑर्डर काढतात आणि मग नाव रेकॉर्डला चढतं. कळवायचं राहिलं तर फौजेच्या लेखी ते मूल जन्मलंच नाही! मी पाहिलेल्या डिस्चार्ज बुकांत पहिल्या मुलाचं नाव ठसठशीत असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुलीची जागा मोकळी. कुणी मुद्दाम करतं असं नाही. मुलीचं नाव लावायची घाई कुणालाच नसते, एवढंच.

दुसरी अडचण नावाच्या लिहिण्याची. रेकॉर्डला वडील ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’. बायकोचं रेकॉर्डला माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. मुलीची जन्मतारीख शाळेत एक आणि रेकॉर्डला दुसरी. आपल्याला माणूस एकच आहे हे ठाऊक असतं. अर्ज तपासणाऱ्याला कसं कळावं?

दुरुस्ती होते. जन्माचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून तो अर्ज मालकांच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आणि महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. कागद तिथं पोचून नाव चढून परत यायला वेळ लागतो. म्हणून मूल नववी-दहावीत असतानाच हे उरकून टाका. त्याच फेरीत मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा आणि ते आधारला जोडून घ्या. पुढं अर्ज भरताना माजी सैनिक असल्याचा दाखला याच कार्यालयातून आणि बोनाफाइड कॉलेजातून लागेल. अर्ज ऑनलाइन असतो, केएसबी डॉट गव्ह डॉट इन या ठिकाणी. शेवटची तारीख तिथंच दिसते. शेवटच्या आठवड्यात गर्दीनं ते नीट चालत नाही, हे लक्षात ठेवा.

ज्यांचे मालक गेले, त्या बहिणींसाठी आता थोडं वेगळं. पंतप्रधान शिष्यवृत्ती फक्त मुलांना नाही, वीरपत्नीला आणि माजी सैनिकाच्या विधवेलाही आहे. तुम्ही स्वतः बी.एड. किंवा नर्सिंगला जायचं म्हणालात तर तुमचाही अर्ज चालतो. एम.ए.सारखं दोन वर्षांचं पुढचं शिक्षण घ्यायचं असेल तर हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला शिक्षण अनुदान विधवेलाही मिळतं. धंद्याचं काही शिकायचं असेल तर त्यासाठी एकरकमी मदत वेगळी आहे. “आता या वयात काय शिकायचं” हे सासूबाई म्हणतात ते ठीक, पण तुम्ही स्वतःला म्हणू नका. ज्यांचे मालक लढाईत गेले, बेपत्ता झाले किंवा अपंग झाले, त्यांच्या मुलांच्या फी, वसतिगृह, पुस्तकं आणि गणवेशाची सवलत १९७१ च्या लढाईपासून आहे. २०१७ मध्ये तिच्यावर महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती, ती मार्च २०१८ मध्ये काढून टाकली. जुनी माहिती सांगून कुणी परत पाठवलं तर हे सांगा.

दोन गोष्टींची गफलत फार होते. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफमधले जवान सैनिक बोर्डाकडे येत नाहीत. त्यांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, दरही तेच, पण ती गृह मंत्रालयाकडची. त्यांचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा.

दुसरी गोष्ट अग्निवीरांच्या आयांसाठी. चार वर्षं करून घरी आलेल्या मुलाला माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळं वरच्या योजना त्याला नाहीत. त्याला सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख एकरकमी मिळतात. पण दहावीवर भरती झालेल्याला बारावीचं प्रमाणपत्र मिळावं अशी सोय केलेली आहे. आणि इग्नूची एक पदवी आहे, जिच्यातले निम्मे श्रेयांक नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरतात. हे सगळं नोकरीत असतानाच सुरू करायचं. पहिली तुकडी २०२२ च्या शेवटी भरती झाली, तिची चार वर्षं २०२६ अखेर भरतायत. मुलगा आता सुट्टीवर आला की लग्नाचा विषय काढायच्या आधी त्याला एवढं विचारा, की इग्नूचा फॉर्म भरलास का?